भावजींचं आच्छादन

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, यांनी जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढले. स्वतःला मात्र नाकासमोरचं कधी दिसलं नाही. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी परसात वाफे काढले, टोमॅटो-वांग्यांची रोपं लावली आणि लगोलग शेतीतले तज्ज्ञ झाले. त्याआधी ते गाण्यातले तज्ज्ञ होते, आणि त्याच्याही आधी गुडघेदुखीतले.

कापलेलं गवत वाफ्यावर पसरलं की माती ओली राहते, तण कमी येतं, असं त्यांना कुठूनसं कळलं. गोष्ट खरीच आहे. पण खरी गोष्ट भावजींच्या हाती पडली की तिचे हाल कुत्रं खात नाही. जवळच्या मैदानावर गवत कापलं होतं. तिथून यांनी पोती भरभरून ओलं गवत आणलं आणि वीतभर जाड थर, थेट खोडांना भिडवून, थापून बसवला.

ताई म्हणाली, "अहो, आधी वाळवा तरी. आणि पातळ पसरा."

"तू तुझी शिवणाची मशीन बघ," भावजी म्हणाले. "हे शास्त्र आहे."

आठवडा उलटायच्या आत शास्त्राला वास सुटला. थर आतून तापला, खाली चिकट लगदा झाला, खोडं मऊ पडून रोपांनी माना टाकल्या. शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. भावजींनी दोष आधी ताईने घातलेल्या पाण्याला दिला, मग रोपं विकणाऱ्याला, शेवटी हवेला. घाण उपसायची वेळ आली तेव्हा नेमकी त्यांची कंबर धरली. मी तेव्हा तिथेच राहायला गेले होते. फावडी आम्ही बहिणींनी मारली, ते खुर्चीत बसून सांगत होते, "हळू, मुळं सांभाळा." मुळं उरली होती कुठे!

ताईने नवी रोपं आणली. या खेपेला गवत गच्चीवर वाळवलं, बोटभर पसरलं, खोडांभोवती मोकळी जागा ठेवली. टोमॅटो लगडले. तेव्हापासून भावजी फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडतात: "गवत वाळवूनच घालायचं बरं का. मी प्रयोग करून पाहिलाय."

मला राहवेना. "ताई, तू गप्प कशी बसतेस गं?"

"बोलू दे की," ताई टोपली उचलत म्हणाली. "फाटकाशी आहेत तोवर वाफ्यात तर येत नाहीत."