माझ्या यादीतली तिसरी रायफल

उंट तसाही मरणार होता. मानेवरचं गळू पिकून आत उतरलं होतं, जनावरांच्या डॉक्टरने हात वर केले होते आणि मांस कुणी खाणार नव्हतं. म्हणून कफीलने, माझ्या कुवेती मालकाने, तो मला दिला. जानेवारीतली सकाळ. वाळवंटातल्या हिवाळी तंबूपाशी कफील, त्याच्या बंदुका सांभाळणारे चाचा आणि मी, आम्ही तिघं जाड कोट घालून उभे होतो. पहिली गोळी कफीलने घातली, खांद्यामागे. उंट पुढच्या गुडघ्यांवर आला, मान एकदा वर फेकली आणि तोंडातून रक्ताचा फेस सोडत आडवा झाला. पुढच्या अकरा गोळ्या मी त्या मढ्यात मारल्या, वेगवेगळ्या रायफलींनी, वेगवेगळ्या अंतरांवरून. मग बाह्या वर करून सुरी घेतली आणि कोपरापर्यंत हात आत घालून एकेक गोळी उकरून काढली. भोकाची रुंदी व्हर्नियरने मोजली. गोळ्या धुऊन काट्यावर ठेवल्या. शिसं किती फुललं, कुठलं हाड फोडून किती आत गेलं, सगळं वहीत मांडलं. उलटी झाली नाही. त्याचाही मला अभिमान वाटला.

हे मी का करत होतो ते सांगतो.

मी मेकॅनिकल इंजिनियर. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. आमचं गाव चंद्रपूरकडचं, जंगलाला लागून. शिकारीवर बंदी यायच्या आधी माझे वडील हाक्याला जायचे. म्हणजे पत्र्याचे डबे बडवत, ओरडत जनावराला बंदुकीच्या दिशेने पिटाळायचं. मजुरी मिळायची आणि डुक्कर पडलं तर वाटा. एका हाक्यात साहेबाची बंदूक ऐनवेळी उडालीच नाही. जखमी डुक्कर मागे फिरलं आणि वडिलांची मांडी गुडघ्यापासून वर फाडत गेलं. साहेबाने पोलीस पाटलाला सांगितलं की हाकेवाला दारू प्यायला होता. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते मरेपर्यंत लंगडले, आणि गावात मरेपर्यंत ते दारू पिऊन डुकरापुढे गेलेले राहिले.

कुवेतमध्ये मी प्लँटच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं वर्कशॉप सांभाळायचो. भांड्यातला दाब ठरल्यापेक्षा वर गेला की जो व्हॉल्व्ह उघडतो, तो नेमका त्याच दाबाला उघडतो का हे तपासायचं काम. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता तो कंत्राटदार, शिकारीचा वेडा होता. त्याचा बाप ससाणे सोडून तिलोर पक्षी मारायचा. याला जग हवं होतं. मध्य आशियाच्या बर्फातली रानमेंढी, युरोपातले बारशिंगे, आफ्रिकेतला रानरेडा. शहरातल्या मिरकाब भागात ऑफिसच्या तळघरात त्याच्या परवान्याच्या बंदुका होत्या, अठरा-एकोणीस तरी. सगळ्या वेगळ्या. कुणाचा सेफ्टी कॅच डावीकडे, कुणाचा मागे. परदेशात त्याचा हात चुकायचा, दोनदा सावज हातचं गेलं होतं. एकदा मी त्याला एक कॅटलॉग चाळता चाळता गोळीचा वेग आणि वजन यांवरून माराचं गणित करून दाखवलं. तो हिंदी चांगलं बोलायचा.

"मुहंदिस," तो मला म्हणाला, "तू लिस्ट बना. पूरी दुनिया के लिए. जो तू लिखेगा वही लेके जाऊंगा, बाकी खलास."

मुहंदिस म्हणजे इंजिनियर. हाकेवाल्याच्या पोराने बंदुका ठरवायच्या. मी दोन महिने दुसरं काही केलं नाही. फिंतासच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कोष्टकं पसरलेली. बायको म्हणायची, पोरांना बाराखडीऐवजी काडतुसांचे नंबर पाठ होतील.

यादीत तीनच रायफली लिहिल्या. तिन्ही एकाच घडणीच्या, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळू नये. बोल्टही एकच, दांडा उचलून मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर आणि पुढे ढकलला की नवं आत. डोंगरासाठी टू सेव्हन्टी: हलकी, सपाट जाणारी. मधल्या सगळ्याला थ्री सेव्हन्टी-फाइव्ह. तिची काडतुसं जगात कुठेही मिळतात, मऊ टोकाची गोळी हरणाला चालते आणि आख्ख्या धातूची जाड कातड्याला. तिसरी रानरेड्यासाठी, फोर सिक्स्टीन. त्यात दोन जाती होत्या. जुन्या जातीचं काडतूस लांब आणि ढेरपोट, त्याला मोठी, जड रायफल लागायची. नव्या जातीचं आटोपशीर. गोळी तीच, वेग तोच, फक्त दारू कमी जागेत दाबून भरलेली. तेवढंच काम लहान भांड्यात होत असेल तर मोठं भांडं घेणं हा गाढवपणा. मी नवीन जात लिहिली.

तळघर सांभाळणारे चाचा रत्नागिरीकडचे. कफीलच्या बापाच्या वेळेपासून त्या घरात. इराकी सैन्य घुसलं त्या युद्धात सगळं लुटलं जात असताना त्यांनी बंदुका मेणकापडात गुंडाळून पाण्याच्या टाकीत बुडवून वाचवल्या होत्या. शिक्षण चौथी. उंटावर मी गोळ्या मारत होतो तेव्हा ते मागे उभं राहून प्रत्येक फेरीनंतर बोल्ट उघडून बघत होते. तिसऱ्या रायफलीपाशी थांबले.

"इंजिनेर, थंडीत काडतूस शहाण्यासारखं वागतं. ऑगस्टात बघ याला. पोट गच्च भरलंय त्याचं. जुनं घे, त्यात जरा जागा असते."

मी म्हणालो, "चाचा, कंपनीने सगळं मोजून छापलंय."

"छापलंय, पण थंड मुलखात छापलंय."

मी हसलो. कफीलसमोर हसलो हे जास्त वाईट. वर असंही म्हणालो की चाचांनी नळ्या पुसाव्या, गणित माझ्यावर सोडावं. कफीलही हसला. चाचांनी उंटाच्या रक्ताने माखलेली माझी व्हर्नियर उचलली, फडक्याने पुसली, डबीत ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली.

ऑक्टोबरात कफील आफ्रिकेत गेला, पावसाआधीच्या ऐन उन्हाळ्यात. काडतुसं द्यायला चाचांना बरोबर नेलं. त्यानंतर काय झालं ते मी कॅसेटवर पाहिलं, कारण तिथल्या शिकारी कंपनीचा एक माणूस कॅमेरा घेऊन मागे चालत होता. दिवाणियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, कफीलचे भाऊ गाद्यांवर बसलेले, चहा फिरतोय आणि टीव्हीवर ते चाललंय.

जीपच्या टपावर तिसरी रायफल दुपारभर उन्हात पडलेली दिसते. मग रेडा. पहिली गोळी लागते, बोल्ट जड जातो पण उघडतो, रेडा बोरूच्या झाडीत शिरतो. हे लोक मागावर जातात. एकदम झाडी फाटते आणि तो बाहेर येतो, मान सरळ, नाकातून रक्त. कफील गोळी मारतो. गोळी खांद्यावर लागल्याची धूळ दिसते, रेडा थांबत नाही. कफील बोल्ट उचलायला जातो आणि बोल्ट उचलला जात नाही. तो तळव्याने ठोकतो. पुन्हा ठोकतो. चाचा पुढे येऊन रायफल हिसकावतात, कुंदा जमिनीवर टेकवून बोल्टच्या दांड्यावर टाचेने लाथ घालतात. दुसऱ्या लाथेला पाय वर असतानाच रेडा त्यांच्यावर येतो. शिंग मांडीत शिरतं. तो त्यांना उचलतो, फडक्यासारखं झटकतो, खाली टाकतो आणि त्यांच्यावर गुडघे टेकून बसतो. तिथला गोरा शिकारी दोन पावलांवरून रेड्याच्या कानात गोळी मारतो. मग कॅमेरा जमिनीकडे वळतो, पण आवाज चालू राहतो. तो आवाज मी इथे लिहिणार नाही.

पाय मांडीपासून कापावा लागला. मग चाचांना स्ट्रेचरवरून कुवेतच्या हॉस्पिटलात आणलं.

कॅसेट संपल्यावर कफीलने निकाल दिला. म्हाताऱ्याने नळीत तेल ठेवलं. ओल्या नळीत काडतूस अडकतं, हे खरंही आहे. भावांनी माना डोलावल्या. विमानात बसता येईल इतकी जखम भरली की चाचांचा व्हिसा रद्द. मला कुणी काही विचारलं नाही. मी चहा संपवला आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये गेलो. टेस्ट बेंचच्या वर मीच चिकटवलेला फॉर्म होता. व्हॉल्व्हचा नंबर, दाब आणि तिसरा रकाना तापमान. तो भरला नाही म्हणून मी फिटरांचे फॉर्म फाडून टाकलेले आहेत. गरम झालं की दाब वाढतो, याचाच मला पगार मिळत होता. आणि दाब वाढला की काडतुसाचं पितळ फुगून नळीत घट्ट बसतं, मग बोल्ट उचलत नाही. घरी येऊन उंटाची वही काढली. अकरा गोळ्या, सात रकाने. तापमानाचा रकाना नव्हता. कुवेतमध्ये आपण बाहेरचं सगळं हिवाळ्यात करतो, सहली काय, तंबू काय, नेमबाजी काय. मी थंडीत तपासलं आणि उन्हासाठी लिहून दिलं.

हॉस्पिटलात गेलो तेव्हा चाचा जागे होते. चादर एका बाजूला सपाट. मी कबुली द्यायचं ठरवून गेलो होतो आणि त्यांची उशी नीट करत बसलो.

"पाय गेला तो गेला," ते म्हणाले. "पण नळी कोरडी होती रे. इतकी वर्षं झाली, ओली नळी कुणाच्या हातात दिली नाही मी. तेवढं त्याला सांग. तुझं ऐकतो तो."

मी सांगतो म्हणालो. मग आठ दिवस सांगितलं नाही. माझाही व्हिसा त्याच माणसाकडे होता, दोन्ही पोरं शाळेत होती. आठ दिवस मी रोज वडिलांची मांडी आठवायचो, ती पिळवटलेली कातडी आणि पोलीस पाटलाच्या ओट्यावर दारूचा वास येतो का बघायला सगळ्यांसमोर त्यांना तोंड उघडायला लावलं होतं ते. त्या साहेबाला बंदूक का उडाली नाही हे माहीत असणार. त्याला ते माहीत होतं, हे याआधी कधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी कफीलला फोन केला. म्हणालो, वाळवंटात या, तिसरी रायफल आणि उरलेली काडतुसं घेऊन या.

डिसेंबर होता. दोघंच होतो. आधी त्यालाच नळी पुसायला सांगितली. त्याने डोक्यावरच्या पांढऱ्या घुत्र्याचं टोक सळईला लावून आत घातलं, बाहेर काढून बघितलं. कोरडं. थंड काडतुसं दोन मारली. बोल्ट लोण्यासारखा उघडला. मग रायफल गाडीच्या हीटरसमोर ठेवली. काडतुसं प्लॅस्टिकमध्ये बांधून चहाच्या थर्मासातल्या कोमट पाण्यात धरली, थर्मामीटर लावून, आफ्रिकेतल्या त्या दुपारइतकी, जास्त नाही. त्याने नळी पुन्हा पुसली. मी खांद्याला लावून चाप ओढला. दणक्याने दुर्बिणीची कड भुवईत घुसली आणि डोळ्यात रक्त उतरलं. बोल्टला हात घातला. बोल्ट हलला नाही.

"चाचाची चूक नाही," मी म्हणालो. "यादी माझी आहे."

त्याने रायफल घेतली, स्वतः ओढून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिली. मग पावलं मोजत लांब गेला. पंधरा पावलांवर वळला आणि घुत्रा काढून वाळूत टाकला.

"खोल," तो म्हणाला. "मैं बैल."

आणि डोकं खाली घालून धावत आला. तो शंभर किलोचा माणूस होता. मी तळव्याने ठोकलं, पुन्हा ठोकलं, कुंदा वाळूत रोवून पाय उचलला. एक लाथ बसली. दुसरी बसायच्या आधी त्याचा खांदा माझ्या बरगड्यांत आला. मी उताणा पडलो, श्वास गेला, तोंडात वाळू आणि रक्त. तो माझ्या छातीवर गुडघा ठेवून बघत राहिला. मूठ वळलेली होती. मला वाटलं मारणार. तो माझ्याकडे नाही, अडकलेल्या बोल्टकडे बघत होता. त्याच्या लक्षात येत होतं की त्या दिवशी त्याच्या हातातून रायफल हिसकावली गेली नसती तर शिंग कुणाच्या मांडीत गेलं असतं.

तो उठला आणि मला तिथेच सोडून गाडीत बसला. गाडी मात्र चालू केली नाही. मी येईपर्यंत थांबला. 

चाचांचा व्हिसा रद्द झाला नाही. त्याच आठवड्यात दिवाणियात सगळ्या भावांसमोर त्याने सांगितलं की नळी कोरडी होती. मला त्याने तनाझुल दिला, म्हणजे दुसऱ्या कंपनीत जायची सोडचिठ्ठी, आणि माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या दोन बरगड्यांना चीर गेली होती, थंडीत अजून दुखतं.

ईदला मिरकाबच्या तळघरात गेलो. चाचा स्टुलावर बसून सळई फिरवत होते, कुबडी बंदुकांच्या रांगेत टेकवलेली, बंदुकीसारखीच. मला बघून म्हणाले, या गणितवाले. मग ड्रॉवरमधून माझी यादी काढली. रेड्याच्या दिवसापासून ती जपून ठेवली होती.

"इंग्रजी आहे, मला वाचता येत नाही. वाच."

मी वाचली. टू सेव्हन्टीला त्यांनी मान हलवली. थ्री सेव्हन्टी-फाइव्हला म्हणाले, ही तू बरोबर लिहिलीस, हिला हात लावू नको. दोन बंदुका अचूक होत्या, हे मी आजही कुणापुढेही सांगेन.

"तिसरी खोड. लिही, जुनी, मोठ्या पोटाची."

मी खोडलं आणि त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. मग कागदाच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढून नवा रकाना केला आणि त्याच्या डोक्यावर एक शब्द लिहिला.

"तिथे काय लिहिलंस?"

"ऊन," मी म्हणालो.

त्यांनी पुढची नळी उचलली, उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून आरपार बघितलं. मग ती माझ्याकडे दिली, मीही बघावं म्हणून. कोरडी होती.