हलगीवाल्या काकांची परवानगी

शिवाजी पेठेतल्या आमच्या मोफत अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षांची जुनी पुस्तकं हवी होती. लोकांनी ती द्यावीत म्हणून व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, त्यामुळे मला सगळंच येतं असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं.

मी व्हिडिओला सिनेमाचं एक गाजलेलं गाणं लावलं. शेवटी लिहिलं, 'गाण्याचे सर्व हक्क मूळ मालकांचे, आमचा हेतू फक्त सेवा.' एवढं लिहिलं की परवानगी मिळते, असं मला खरंच वाटायचं. व्हिडिओ टाकला आणि थोड्याच वेळात त्याचा आवाज बंद झाला. गाण्याच्या मालकांनी हरकत घेतली होती.

अभ्यासिका चालवणारे दादा चिडले. "आपण काय तिकीट लावलंय व्हय? समाजाचं काम हाय की! गाणं जरा फास्ट कर, कुणाला कळतंय?"

"फास्ट केलं म्हणून आपलं होत न्हाय, दादा." मी म्हणाले.

"मग मुका व्हिडिओ बघून पुस्तकं कोण देणार?"

ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी फुटबॉलच्या सामन्यांना हलगी वाजवणाऱ्या काकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वाजवतो की. पण कुठं कुठं लावणार ते सांग."

मी वहीचं पान फाडून लिहिलं: फक्त अभ्यासिकेच्या व्हिडिओसाठी, व्हिडिओखाली काकांचं नाव. काकांनी ते दोनदा वाचून सही केली. "माझी हलगी निम्म्या पेठेच्या मोबाइलात हाय. इचारायला आलेली तू पहिलीच."

त्यांच्याच दारात फोनवर रेकॉर्डिंग केलं. मध्ये एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, ती तशीच राहिली. नवा व्हिडिओ टाकला, आवाज टिकला, आणि रविवारी पुस्तकांची पहिली दोन पोती आली. त्यातल्याच एका पुस्तकावरून मी आता अभ्यास करते.

पुढच्या आठवड्यात दादा म्हणाले, "ती हलगी आपल्या गणपतीच्या व्हिडिओलाबी टाक."

मी वहीचं कोरं पान फाडून त्यांच्या हातात दिलं. "काकांचं घर तुम्हाला म्हाईत हाय की."

दादांनी माझ्याकडे बघितलं, पानाची घडी घातली आणि चप्पल शोधायला लागले.