सगळे सत्तर

"सगळे... सत्तर..." एवढं मुलगा फोनवर ओरडला आणि फोन बंद पडला. त्याआधी बोलता बोलता त्याच्या मागे दोन धडाके झाले होते. सून हातात लाटणं घेऊन तशीच खाली बसली. आमच्या घरात मराठीच बोलतात, पण निम्मं कानडी मिसळून. कानडीत 'सत्तरु' म्हणजे मेले. तिनं तेच ऐकलं. मीही.

मुलगा पूर्वी बेलूरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायचा. तिथून परदेशात गेला, वाळवंटातल्या एका लष्करी तळावर. तळ कशाला, तर शेजारच्या खाणीची राखण करायला. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण खाणीला फौज लागते हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. त्याचा चेहरा फोनवर दिसला की मी म्हणायचे, "तोंड पुरे, भिंत दाखव."

तळाची भिंत विटांची नव्हतीच. तारेचे मोठाले पिंजरे, आतून जाड कापड, त्यात वाळू ठासलेली. असे एकावर एक रचलेले. वर बुरुज आणि बुरुजात एक पहारेकरी. फोन दिसला की तो हात हलवायचा.

"खाण कोण उचलून नेणार आहे रे?"

"खाण नाही, आई. निघालेला माल नेतात."

"काय निघतं?"

"तांबं म्हणतात. मी कुठं बघितलंय? मी कांदे बघतो."

"कांदे तिथं पिकतात?"

"विमानानं येतात."

"म्हणजे तुझ्यापेक्षा जास्त फिरलेत."

त्याच्याकडे रोज त्याचं धरून एकाहत्तर ताटं असत. आणखी एक काम होतं. धोक्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी जमिनीखालच्या खोलीत उतरायचं आणि यानं दाराशी उभं राहून माणसं मोजायची. आचाऱ्यालाच का? तर सगळ्यांचे चेहरे त्यालाच पाठ. मला ते पटलं होतं. त्या सकाळी मात्र यातलं काही आठवलं नाही.

सुनेचं रडणं ऐकून शेजारीण आली. तिनंही पदर तोंडाला लावला. "अक्का, रडा तरी. आत धरून ठेवू नका."

"रडेन. आधी सांग, सगळे मेले तर सांगतंय कोण?"

"आत्ती, आज तरी प्रश्न नकोत," सून म्हणाली.

पिठाचे गोळे सुकत होते, ते मी लाटून टाकले. प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

दुपारी फोन वाजला. सून हात लावेना. मी उचलला. मुलगाच होता. मी विचारलं, "कोण मेले?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. सगळे सत्तर म्हणालास."

"ते तुला नव्हतं, आई. फोन हातात चालूच राहिला होता. मेसचा मुख्य निपाणीचा आहे, त्याला मराठीत आकडा देत होतो. सगळे मोजले, माझ्यासकट सत्तर भरले."

"ताटं तर एकाहत्तर."

"हं."

"कोण राहिला बाहेर?"

"बुरुजावरचा."

"हात हलवायचा तो?"

"तोच."

खाणीवर आणि तळावर हल्ला झाला होता. बुरुजावरचा पहारेकरी त्यात गेला. बाकीचे सत्तर जगले, त्यात माझा मुलगा.