चांदोबा, चपला काढून ये

मंडळी, हसू आलं तर खुशाल हसा.

"चांदोबा, चपला काढून ये, फरशी ओली आहे." माझी बायको फरशी पुसताना हे गायची. जुन्या सिनेमातलं आहे म्हणायची. पुढचं कडवं विचारलं की, "आठवत नाही हो."

परवा तिचं तेरावं झालं. आज निदान ते गाणं पूर्ण ऐकावं म्हणून गुलमंडीत जुन्या कॅसेटवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी मला ते गायला लावलं. मी जन्मात कधी गायलो नव्हतो.

"भाईसाब, ऐसा गानाच नै है. भाभीने इत्ते साल बनाया तुमको."

म्हणजे पुढचं कडवं ती विसरली नव्हती, रचायचं राहिलं होतं. आता कुणाला विचारू?

घरी आलो. सवयीनं चपला बाहेर काढल्या. फरशी कोरडीच होती.