नव्या पंपातले दोन ठोके

मी मेंटेनन्सचा माणूस. चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत गेली सोळा वर्षं पंप, मोटर आणि बेअरिंग यांच्याच संगतीत काढलीत. कँटीनमध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा मी... इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानाही बायकोला म्हणायचो, "या लोकांना कुणीतरी मोटरचे बोल्ट टाइट करायला सांगा गं, भूत आपोआप जाईल." त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय हे बघून ती गालातल्या गालात हसतेय. हसू दे. तो आवाज तिनंही ऐकलाय.

आम्ही चिखलीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. माझी बायको अश्विनी घरूनच बिल्डर लोकांना थ्रीडी व्हिडिओ करून देते – अजून न बांधलेल्या बिल्डिंगच्या बाल्कनीत न लावलेल्या झाडांची पानं हलताना दिसतात ना, ते काम. एकेक व्हिडिओ तयार व्हायला कॉम्प्युटर आठ-दहा तास राबतो. यंदा एप्रिलमध्ये तो इतका तापायला लागला, की काम अर्ध्यावर आलं की फट्कन बंद. अश्विनीचं डोकं त्याच्याहून जास्त तापलेलं. मी म्हटलं, वॉटर कूलिंग करू, आणि ते मीच बांधणार. कंपनीत अख्खी लाइन थंड ठेवणाऱ्या माणसाला घरातलं एक मशीन थंड ठेवता येऊ नये म्हणजे काय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरमधले जे भाग तापतात त्यांच्यावरून नळीतून पाणी फिरवायचं, ते पाणी रेडिएटरमध्ये न्यायचं आणि तिथं फॅननं गार करायचं. गाडीच्या इंजिनासारखंच. यात खरी गोम दोनच गोष्टींत असते – पंप आणि फॅन. फॅन घेताना डब्यावरचा हवेचा मोठा आकडा बघून भुलायचं नाही. रेडिएटरच्या दाट जाळीतून हवा ढकलायला प्रेशर लागतं, त्यासाठी रुंद पात्यांचा फॅन हवा. पंपाचं म्हणाल तर लहान पंप जोर करतो पण किणकिणतो, मोठा पंप कमी स्पीडवर ठेवला की शांत चालतो आणि टिकतो. हे सगळं मी आठ दिवस वाचलं, वहीत आकृत्या काढल्या. अश्विनी म्हणाली, "लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हतीस."

काळेवाडीत एक दुकान आहे, असलं सामान मिळणारं. तिथं जाताना मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. आमच्या लोकांची ही सवयच असते – स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू पंपाला लावायचं आणि मूठ कानाला टेकवायची. आतलं बेअरिंग काय बोलतंय ते स्पष्ट ऐकू येतं. दुकानदारानं बिचाऱ्यानं पाण्याचा टब मांडून लहान-मोठे दोन्ही पंप चालवून दाखवले. मी वाकून ऐकत होतो आणि तो गिऱ्हाइकांना सांगत होता, "थांबा हां, डॉक्टरसाहेब पेशंट तपासतायत." मोठा पंप मला आवडला. त्याचा एकसारखा, गोल आवाज होता. दोन्ही पंप माझ्यासमोर सीलबंद खोक्यातून काढलेले, कोरे करकरीत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळ्यांनी मला हेच विचारलं की पंप जुना होता का.

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी जोडणी केली. नळ्या जोडल्यावर लगेच कॉम्प्युटर चालू करायचा नसतो. आधी फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जॉइंटखाली टिश्यू पेपर ठेवायचा आणि दिवसभर बघायचं, कुठं ओलं होतंय का. म्हणजे त्या वेळी कॉम्प्युटर पूर्ण बंद, फॅन बंद, चालू काय तर एकटा पंप. बिल्डिंगखाली फॅब्रिकेशनचे गाळे आहेत, पण गुरुवार म्हणून तेही बंद. दुपारचे तीन वाजले असतील. सहज म्हणून मी पंपाला स्क्रूड्रायव्हर लावला.

पाण्याची सळसळ ऐकू आली... आणि तिच्या मागे, लांबून आल्यासारखं – टक्... टप्.

थोड्या वेळानं पुन्हा. टक्... टप्. पहिला ठोका खणखणीत, दुसरा दबका.

पंपात हवा अडकली की आवाज येतो, हे मला ठाऊक आहे. पण मी हा आवाज ओळखला. ओळखला म्हणूनच घाबरलो.

आमच्या शॉपमध्ये एक वॉशिंग मशीन आहे. कपड्यांचं नाही, इंजिनाचे ब्लॉक धुण्याचं. खोलीएवढं पत्र्याचं चेंबर, आत चारी बाजूंना नोझल, आणि पंप चालू झाला की त्यांतून कढत पाणी अशा जोरानं सुटतं की माणूस आत सापडला तर संपलाच. नोझल चोकअप झाले की एकानं आत शिरून साफ करायचे, दुसऱ्यानं बाहेर पॅनेलपाशी, म्हणजे चालू-बंदच्या बटणांपाशी थांबायचं. दार मागच्या बाजूला आणि पॅनेल पुढे, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही. खरा नियम असा, की आत जाणाऱ्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. पण पंधरा मिनिटांच्या कामासाठी स्टोअरमधून कुलूप कोण आणणार? दार उघडं असलं की मशीन चालू होऊ नये म्हणून एक स्विच असतो, तोही कुणीतरी कधीच बायपास करून ठेवलेला. मग आमची आमची पद्धत पडली होती. गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून पान्यानं पत्र्यावर ठोकायचं. दोन ठोके म्हणजे मी आत आहे. तीन ठोके म्हणजे बाहेर आलो, चालू कर.

आत जायचे ते नेहमी बबनकाका. महाळुंग्याचे, मला हातात पाना धरायला शिकवणारे. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर फार वर्षांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये गेलंय. पाना हातात घट्ट बसत नाही, म्हणून त्यांचा पहिला ठोका खणकन पडतो आणि पुढचे दबके. डोळे मिटून सांगेन, हा बबनकाकांचा ठोका. आणि बाहेर, हिरव्या बटणापाशी, नेहमी मी.

तोच आवाज माझ्या घरात, पुस्तकाएवढ्याही नसलेल्या पंपातून येत होता.

मी पंपाची वायर काढली. पाणी थांबलं. स्क्रूड्रायव्हर तसाच कानाला धरून बसलो. टक्... टप्. बंद पंपातून! अश्विनीला हाक मारली, काहीही न सांगता मूठ तिच्या कानाला लावली. ती आधी हसली. म्हणाली, "कुणीतरी आत आहे आणि दार वाजवतंय असं वाटतंय रे." मग दुसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला, आणि त्यानंतर त्या खोलीत एकटी बसायला तयार होईना.

मी जे जे करता येईल ते केलं. हवा काढली, पाणी बदललं, पंपाखाली फोम घातला. काळेवाडीला जाऊन पंपच बदलून तो दुसरा, लहान पंप आणला. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, पेशंट तर ठणठणीत आहे!" घरी आणून जोडला... टक्, टप्. रेडिएटरला स्क्रूड्रायव्हर लावला तर काही नाही, फॅनच्या फ्रेमला लावला तर काही नाही. आवाज फक्त पंपात. कॉम्प्युटर मात्र झकास गार चालत होता, अश्विनीचं काम होत होतं, म्हणून सगळं उखडून फेकताही येईना. दहा-अकरा दिवस मी कामावरून आलो की बूटही न काढता आधी ते ऐकायला बसायचो. दर वेळी दोनच. तिसऱ्याची वाट बघत श्वास रोखून बसायचो, पण तिसरा ठोका कधी आलाच नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं ते उघडच सांगतो. काकांना काहीतरी होणार आणि ते माझ्या हातून होणार, या विचारानं घास उतरत नव्हता. शेवटी कँटीनमध्ये काकांना सांगितलं. ते खो खो हसले. "आयला, घरी बी मला पंपात घातलास व्हय?" मग चहा खाली ठेवून म्हणाले, "किती ठोकं येत्यात म्हनलास?"

"दोनच."

"मंग बरं हाय. दोन म्हंजी मी आत हाय, जित्ता हाय."

"काका, यापुढे आपण कुलूप लावत जाऊ."

"येडा का खुळा तू? किल्लीसाठी स्टोअरला हेलपाटा, त्यात लाइन बंद म्हनून साहेब बोंबलनार. सोळा वर्सं काय झालं का? मंग?"

मी विषय तिथंच सोडला. हीच माझी चूक.

त्यानंतरच्या सोमवारी फर्स्ट शिफ्टला, अकराच्या चहाच्या थोडं आधी, वॉशिंग मशीनचे नोझल चोकअप झाले. काका टॉर्च आणि तार घेऊन मागं गेले. मी पॅनेलपाशी उभा राहिलो. टक्... टप्. काका आत गेले. घरी ऐकायचो तोच आवाज, तेवढंच अंतर, आणि आता माझ्या समोरच्या पत्र्यातून आला. अंगावर सर्रकन काटा आला. शर्ट पाठीला चिकटला होता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काका लवकर आटपा, बाहेर या.

पाचेक मिनिटं झाली असतील. ठोके आले.

टक्. टक्. टक्.

तीन! अकरा दिवस ज्याची वाट बघितली तो तिसरा ठोका. माझं बोट आपोआप बटणावर गेलं. विचार करून नाही, सोळा वर्षांच्या सवयीनं. दाबणार... तेवढ्यात बोट थबकलं. तिन्ही ठोके सारखे होते. तिन्ही खणखणीत, एकाच जोरानं, एकाच अंतरानं पडलेले. काकांच्या हातातून असे तीन ठोके पडूच शकत नाहीत.

बोट उचललं ते कसं उचललं, मला सांगता येणार नाही. बोटाला बटण चिकटल्यासारखं झालं होतं. मेन स्विच खाली ओढला आणि धावत मागं गेलो. दार अर्धं उघडं. आत काका, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी नोझलमध्ये तार घालून उभे. पाना पँटच्या मागच्या खिशात खोचलेला.

"काका! तीन दिले का तुम्ही?"

ते वळले. चेहरा घामानं डबडबलेला. "म्या? न्हाई रे. म्या म्हनलं तूच भायेरनं वाजिवतोयस. म्हनलं ह्याला काय झालं, माझं काम हुयाचंय अजून."

"मी हातसुद्धा लावला नाही पत्र्याला."

काकांनी काखेतला टॉर्च काढला. तो फिरवून त्यांनी चेंबरच्या आतल्या टोकाकडे दाखवलं. तिथं पाइपांच्या मागे जेमतेम चार बोटांची फट आहे, मग सरळ पत्रा. मांजरसुद्धा उभं राहणार नाही अशी जागा. "आवाज तितनं आला," ते अगदी हळू म्हणाले, "माझ्या पाटीमागनं." मग मी त्यांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. ते खाली फरशीवरच बसले आणि मीही शेजारी बसलो. पाण्याची बाटली काकांनीच उघडून माझ्या हातात दिली.

त्या संध्याकाळी घरी पंपाला स्क्रूड्रायव्हर लावला. नुसती पाण्याची सळसळ. आजतागायत नुसती सळसळच आहे.

मी सगळे तर्क करून झालेत. शेजारच्या मशीनचा हादरा पत्र्यात उतरला असेल. गरम पत्रा गार होताना वाजतो, तसा वाजला असेल. घरचा आवाज म्हणजे माझ्या डोक्यातली धास्ती असेल – पण मग अश्विनीला कसा ऐकू आला? आणि बंद पंप कसा वाजला? मला वाटत राहतं, की घरी जे दोन ठोके यायचे ते मला थांबवायला येत होते. पण मग मशीनमध्ये तीन ठोके देणारा कोण होता, याचा विचार मला करवत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगावं, मी कुणालाही हसणार नाही.

आता आमच्याकडे कुलूप लावल्याशिवाय कुणी आत जात नाही. साहेबांशी भांडून मी तो दाराचा स्विचही दुरुस्त करून घेतला. बबनकाका अजून कामावर आहेत, पण आत शिरण्याआधी ते मला मागे बोलावतात. म्हणतात, "आधी तू बग रं, आत कुनी हाय का." मी टॉर्च मारून कोपरान् कोपरा बघतो, पाइपांच्या मागची फटसुद्धा. कुणी नसतं. "रिकामं आहे काका," मी म्हणतो, आणि ते माझ्याकडे बघत दाराशीच उभे राहतात. त्या सोमवारीही त्यांनी आत शिरताना टॉर्च मारून बघितलं होतं. तेव्हाही रिकामंच होतं.