शाबूत काच

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर झालो होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात सायकल हाणत होतो. कुंडलच्या बाजूला एका ओढ्यावरच्या दगडी पुलाच्या कमानीला तडा गेला होता. तडा वाढतोय का, हे कळावं म्हणून त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवतात. कमान केसभर सरकली तरी काच तडकते, मग पूल बंद करायचा.

पट्टी बसवली, तिच्या सिमेंटवर तारीख रंगवली आणि पुलाच्या राखणदाराला बजावलं, "हवालदार, ही काच मला शाबूत दिसली पाहिजे. ध्यानात ठेव." हवालदार फौजेतून सुटून आलेले, माझ्या चुलत्याच्या वयाचे. तरी मी अरेतुरे करायचो. पदाचा माज, दुसरं काय! काच कशासाठी, हे सांगायची मला गरजच वाटली नाही.

दर महिन्याला जायचो, काठावरूनच वाकून बघायचो आणि वहीत 'काच शाबूत, तडा स्थिर' असं लिहायचो. वरचे साहेब खूश. उसाच्या गाड्या पुलावरून बिनघोर जात राहिल्या.

ऐन हंगामात, माझ्या फेरीच्या आदल्या दिवशी, भरल्या गाडीखाली कमानीचे दगड निखळले. गाडीवान आणि बैल वाचले. खाली हवालदार होते. सांगलीच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला.

मी भेटायला गेलो तर तेच माझी समजूत घालायला लागले. "सायेब, लय वंगाळ झालं. पर काच फुटकी कवा दिसू दिली न्हाई तुमास्नी. ही पाचवी बसवत हुतो."

"पाचवी?"

"व्हय. दर म्हैन्याला तडकायचीच. तुमी यायच्या आत नवी लावायची, तारीखबी तुमच्यावानीच रंगवायची. पल्टनीत तपासणीला फुटकं काय घावलं की शिक्षाच. या बारीला बाजारात काच मिळंना, मग माजा वर्दीतला फोटू हाय न्हवं, त्याची काढली."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं, की अहो, ती फुटावी म्हणूनच लावली होती! पण 'लवकर बरे व्हा' एवढं म्हणून मी उठलो. चौकशीत मात्र माझी लेखणी चांगली चालली. 'राखणदाराने खुणेची काच परस्पर बदलून दिशाभूल केली,' असं मी लिहून दिलं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, याची मला आजही किळस येते.

हवालदारांना काढलं, मला ठेवलं. पाय गेला म्हणून नोकरी गेली, असंच ते समजत राहिले. पुढं कधी बाजारात दिसले की कुबडी काखेत दाबून ताठ व्हायचे आणि मला कडक सलाम ठोकायचे. मी तो घ्यायचो.