मंगळवाले आणि आमची कडी

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीचा एक नियम होता: दिवसा कुणी आतून कडी लावायची नाही. पोलीस मागे लागले, की मोर्चातली मुलं जिना चढून मिळेल त्या खोलीत शिरत आणि त्या घरची होऊन पाटावर बसत.

मी तेव्हा अकरा वर्षांची. मला पोलिसांपेक्षा मंगळ ग्रहावरच्या मंगळवाल्यांची भीती. एका इंग्रजी बोलपटावरून कुणीतरी मराठीत मंगळवाल्यांच्या गोष्टींची पातळ पुस्तकं काढली होती, ती थोरला दादा मला आणून द्यायचा. पहिल्यातले मंगळवाले लाजाळू, पाहुण्याला आधी पाणी विचारणारे, अगदी आमच्या कोकणातल्या मामांसारखे. दुसऱ्याचा लेखक वेगळा. त्या शहाण्याने पहिलं पुस्तक वाचलंच नसावं! त्याचे मंगळवाले घरच्या माणसाचा आवाज काढून दाराशी हाका मारत आणि उघडेल त्याला घेऊन जात.

"यातलं खरं कुठलं?" मी चिडून विचारलं.

"तुला आवडेल ते," दादा हसला.

आवडलं पहिलं, पण पटलं दुसरं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काय उगाच?

त्या दुपारी दादा मोर्चाला आणि आई खालच्या मजल्यावर एका बाळंतिणीकडे गेली होती. रस्त्यावर आरडाओरडा झाला, मग बार ऐकू आले. खिडकीतून धूर शिरला, डोळे चुरचुरायला लागले. मी एकटी. जीव मुठीत धरून उठले आणि कडी लावली.

जिन्यावरून धावती पावलं आली ती आमच्या दाराशी थांबली. कुणीतरी दार ढकललं.

"अगं, उघड. मी आहे."

आवाज दादाचा होता आणि नव्हताही. घोगरा, फाटलेला. अश्रुधुराने घसा असा होतो, हे मला कुठे ठाऊक! मी पलंगाखाली शिरले आणि परकराचा बोळा तोंडात कोंबला.

"उघड ना गं!"

मग बुटांचा आवाज आला. लाठ्या बसल्या. "आई गं," असं कुणीतरी ओरडलं, आणि तो आवाज मात्र स्वच्छ दादाचा होता.

दादा पंधरा दिवसांनी सुटून आला. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. आई त्याला भरवताना रडत होती.

"अरे, सगळ्या चाळीची दारं उघडी होती. आपल्या घरात का नाही शिरलास?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"आपल्या दारापर्यंत पोचलोच नाही गं, आई," तो म्हणाला.